कुठलं सीलिंग, ते सांग

"काही राहिलंय का बाईंचं?" भटजींनी विचारलं.

पिशवी भरून झाल्यावर दुकानदार 'आणखी काही?' विचारतो, तसंच विचारलं. त्यांचाही दोष नव्हता. त्या दिवशी घाटावर त्यांच्याकडं आणखी दोन दहावे होते.

आम्ही सगळे वरच्या पायऱ्यांवर सरकून उभे होतो. खाली कृष्णेच्या पाण्याजवळ, दर्भावर, मी ठेवलेला भाताचा पिंड होता. पलीकडच्या झाडावर कावळे होते. त्यातला एक उतरलाही होता. पिंडापासून हातभर लांब बसला होता आणि सगळीकडं बघत होता. भाताकडं तेवढं बघत नव्हता.

माझी बायको विजयमाला जाऊन दहावा दिवस होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की माणूस सुटलं, नाही शिवला तर जीव कशात तरी अडकलाय, हे आमच्या कराडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग नातेवाईक हात जोडून गेलेल्या माणसाला शब्द देत बसतात. तुझं हे करू, तुझं ते करू. शब्द पटला की कावळा येतो.

शेजारी ओगलेवाडीच्या कुणा म्हाताऱ्याचा दहावा चालला होता. त्यांची माणसं मागं सरायच्या आत कावळ्यानं चोच मारली. त्यांचा थोरला मुलगा आमच्याकडं बघून असा उभा राहिला, की जसं काही बारावीत पहिलाच आला.

मला खरं सांगायचं तर काहीच वाटत नव्हतं. ती गेल्यापासूनच वाटत नव्हतं. लोक येत होते, गळ्यात पडून रडत होते, मी त्यांच्या पाठीवर थोपटत होतो. अंगावरचं ओलं धोतर गार लागतंय, हेसुद्धा आक्का "अरे, कुडकुडतोयस की" म्हणाली तेव्हा कळलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट.

पहिला शब्द दिला जालिंदरनं. हा माझा मेव्हणा, विजयमालाचा धाकटा भाऊ. याला गप्प बसणं जमत नाही. दोन पायऱ्या खाली गेला, हात जोडले आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडला, "ताई, केतकीची काळजी करू नको! तिचं लग्न आम्ही धूमधडाक्यात करू!"

कावळ्यानं पंखात चोच घालून खाजवलं.

केतकी, आमची एकुलती एक मुलगी, माझ्या शेजारी उभी होती. आईच्या आजारपणासाठी पुण्याची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून आली होती. ती हळूच म्हणाली, "मामा, मम्मीनं माझ्या लग्नाचं कधी नाव तरी काढलं होतं का?"

"आईच्या मनात असतंय बाळ."

"नव्हतं."

"गप बसा दोघं," आक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "उत्तम, तिचा जीव कशात होता ते तुला ठाऊक नाही होय?"

"कशात?"

"सीलिंगात! दुसरं कशात? सहा महिने दुसरं काही बोलली का ती?"

सगळ्या पायऱ्यांवरच्या माना हलल्या. हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला विजयमालानं ते नमुने दाखवले होते.

त्याचं असं झालं. डॉक्टरांनी पोटाचं निदान सांगितलं ते मला आणि जालिंदरला, केबिनचं दार लावून. तिला अल्सर सांगायचा असं ठरलं. घरी आल्यावर आतल्या खोलीतला पलंग बाहेरच्या खोलीत आणला, म्हणजे येणारं-जाणारं दिसेल, तिला करमेल. तर त्या खोलीच्या स्लॅबला ओल येऊन पोपडे धरलेले. बरोबर तिच्या तोंडावर. चार दिवस तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "अहो, वर बघून बघून डोळे विटले. आपण सीलिंग करून घेऊ."

"घेऊ की," मी म्हणालो.

मी साखर कारखान्याच्या स्टोअरला होतो. माल बघायचा, दर बघायचा, ऑर्डर द्यायची, विषय संपवायचा, ही माझी सवय. दुसऱ्याच दिवशी नायकवडीला बोलावलं. गावात सीलिंगची कामं तोच करायचा. त्यानं जिप्समच्या पाटीचा एक तुकडा आणला, पांढराशुभ्र, वहीएवढा. विजयमालानं तो उशीला टेकवून उभा केला, लांबून बघितला, जवळून बघितला, नखानं टोकरला.

"हे पाण्यात टिकतं का हो?"

"वरनं गळलं तर डाग पडतोय वहिनी," नायकवडी म्हणाला. "पण आधी आपण स्लॅबला वॉटरप्रूफिंग करून घेऊ."

"आणि तरी गळलं तर?"

"तर मग पीव्हीसी घ्या. त्याला पाण्याचं भ्याव नाही."

मग पीव्हीसीची पट्टी आली. लाकडासारखी रेघ असलेली, चकचकीत. तिनं ती हुंगली. "प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्यागत वाटेल मला," म्हणाली. "माणूस आहे का शिळी भाकरी?"

आम्ही हसलो. त्या दिवसांत तिनं हसवलं की आम्ही गरजेपेक्षा जास्तच हसायचो.

मग चौकोनी फरश्यांचं आलं, लोखंडी पट्ट्यांत बसवतात ते. "अगं बाई, हे तर बँकेतलं. रोज सकाळी उठून मी काय पासबुक भरायला रांगेत उभी राहू?" मग पीओपीची विचारणा झाली. त्याची घासताना धूळ फार होते, ते खोकल्याला वाईट. प्रत्येक वेळी ती दोन-तीन दिवस नमुना उशाशी ठेवायची, येईल त्याचं मत घ्यायची, आणि मग त्यात खोट काढायची. केतकीला तिनं मोबाईलवर शोधायला बसवलं होतं. दोघी मायलेकी दुपारभर लोकांच्या घरांची छतं बघत असायच्या.

मी वैतागायचो. "माले, तुझ्या पसंतीला देवसुद्धा पुरा पडायचा नाही. मला कशी काय पसंत केलीस?"

"तेव्हा कुणी नमुना दाखवला होता? थेट मालच आला घरी."

पोटात अन्न ठरत नव्हतं, पण तोंड असं चालायचं.

एकदा मात्र मी मनावर घेतलं. म्हटलं, ही अशीच घोळ घालत बसणार, आणि तिच्याकडं वेळ नाही. निदान शेवटचे दिवस तरी तिच्या डोळ्यांपुढं ते पोपडे नकोत. तिला न विचारता नायकवडीला सांगून टाकलं, जिप्सम, सोमवारी सुरू कर. घरी आलो आणि मोठ्या खुशीत सांगितलं, "झालं तुझं काम. सोमवारी माणसं येणार. चार दिवसांत सीलिंग तयार."

मला वाटलं, उठून बसेल. ती म्हणाली, "झालं?"

"झालं की."

"बरं," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

त्या संध्याकाळी पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. केतकी वाटी घेऊन बसली, मी ओरडलो, शेजारच्या वहिनी समजावून गेल्या. काही नाही. दुखतंय का, तर नाही. मग काय होतंय, तर काही नाही. शेवटी दुपारी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अहो, सोमवारी नको. अजून लाकडाचं बघितलंच नाही आपण."

"लाकडाला वाळवी लागती."

"लागू दे. बघू तरी."

नायकवडीला फोन केला. त्या बिचाऱ्यानं सोमवारची माणसं दुसरीकडं लावली आणि लाकडाच्या दोन फळ्या घेऊन आला. एक सागाची, एक स्वस्तातली. विजयमाला उशीला टेकून उठून बसली. फळ्यांवरनं हात फिरवला. वाटीभर पेज घेतली, वर अर्धी वाटी मागून घेतली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण लाकूड उन्हाळ्यात बघावं. उन्हाळ्यात कळतं कुठलं गार राहतं ते. आणि पावसाळ्यात कळतं कुठलं टिकतं. अशी घाई करून चालत नाही घराच्या कामात."

मी म्हणालो, "उन्हाळा लांब आहे गं."

"येईल की."

ते दिवस दिवाळीनंतरचे होते. माघात ती गेली. फळ्या पलंगाखालीच होत्या.

तर घाटावर हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. जालिंदरनं पुन्हा हात जोडले. "ताई, सीलिंग करतो! दाजींनी नाही केलं तर मी करतो!"

कावळा उडाला. आमच्यातल्या कुणीतरी "आला, आला" म्हणालं. तो उडून ओगलेवाडीच्या पिंडावर बसला.

"तू सांगून काय उपयोग?" आक्का जालिंदरवर खेकसली. "नवऱ्यानं सांगायला पाहिजे. उत्तम, हो पुढं."

मी दोन पायऱ्या उतरलो. हात जोडले. कारखान्यात मी शंभर माणसांसमोर बोललोय, पण कावळ्यासमोर कधी बोललो नव्हतो. म्हटलं, "विजयमाला, सीलिंग करून घेतो."

काही नाही.

"अरे, नुसतं सीलिंग काय? तिला कसं कळायचं?" आक्का मागून म्हणाली. "कुठलं सीलिंग, ते सांग."

आता हसू येतं. तेव्हा कुणीही हसलं नाही. उलट मागं चर्चा सुरू झाली. जालिंदर म्हणाला, जिप्सम म्हणा दाजी, दिसायला तेच चांगलं. त्याची बायको म्हणाली, नाही, मला त्या पीव्हीसीबद्दल बोलल्या होत्या, पुसायला सोपं म्हणून. लांबचे एक काका म्हणाले, आमच्या पोरानं सगळ्या फ्लॅटला पीओपी केलंय, एकदा येऊन बघा. भटजींनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"जिप्समचं करतो," मी म्हणालो. आणि थांबलो. मनात म्हटलं, आता ती म्हणणार, गळलं तर डाग पडेल. कावळा आला नाही.

"बरं, पीव्हीसीचं करतो." शिळी भाकरी. आला नाही.

"लाकडाचं करतो. सागाचं. बाहेरच्या खोलीत." या वेळी मी जरा चढ्या आवाजात बोललो, कारण मला राग यायला लागला होता. मेल्यावरसुद्धा हिचं ठरत नाही.

झाडावरचे दोन कावळे आपसांत भांडले आणि शांत झाले.

अशी मी तिथं तीन सीलिंगं कबूल करून बसलो. पुढं आक्कानं ती तिन्ही माझ्याकडून करवून घेतली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे, म्हणाली. आज माझ्या बाहेरच्या खोलीत सागाच्या पट्ट्या आहेत, आतल्या खोलीत जिप्सम आणि स्वयंपाकघरात पीव्हीसी. नवीन माणूस घरात आला की वर बघत बघत फिरतो आणि विचारतो, तुमचा सीलिंगचा धंदा आहे का? मी होय म्हणून सांगतो.

"आणखी कुठलं राहिलं?" आक्कानं तिथं घाटावर विचारलं.

मी आठवायला लागलो. जिप्सम झालं, पीव्हीसी झालं, लाकूड झालं. फरश्या तिला नकोच होत्या, पीओपीची धूळ नको होती. नायकवडीकडचं सगळं संपलं होतं. त्यानंच तिला एकदा सांगितलं होतं, "वहिनी, आता माझ्याकडं दाखवायला काही राहिलं नाही." तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता, ते मला त्या पायरीवर, ओल्या धोतरात, एकदम आठवलं. सोमवारी काम सुरू म्हटल्यावर झाला होता तस्साच. आणि फळ्या आल्यावर तिनं पेज मागून घेतली होती.

मी मागं वळलो. "आक्का, तिला सीलिंग नको होतं."

"म्हणजे?"

"तिला फक्त बघायचं होतं. ठरवायचं नव्हतं. ठरलं की झालं, मग पुढं काय? तिला उन्हाळ्यात बघायचं होतं. पावसाळ्यात बघायचं होतं." माझा आवाज मला लांबून येत होता. "तिला सगळं ठाऊक होतं, आक्का. अल्सर-बिल्सर काही नाही. तिला जगायचं होतं. आणि आम्ही तिला तुकडे आणून दाखवत बसलो."

केतकीनं खाली येऊन माझ्या हाताला धरलं. ती म्हणाली, "मला वाटत होतं पप्पा. मी म्हणून तर नवीन नवीन शोधत होते. रोज एक तरी नवीन काढून ठेवायचे मोबाईलवर."

पोर रडायला लागली. जालिंदर तर कधीचाच रडत होता. मला मात्र काही झालं नाही. मी कावळ्याकडं बघत होतो. हा शब्द कुणी द्यायचा आता? जगवतो म्हणून कुणी सांगायचं?

आक्का पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली. तिचे गुडघे दुखतात, एकेक पायरी बसून-उठून आली. मला वाटलं, समजूत घालेल.

"जगायचं कुणाला नसतं रे?" ती म्हणाली. "मला नाही? तो शब्द तिनं मागितला नाही, आणि तुला देता येत नाही. तो सोड. ती नाही अडकलेली. तू धरून बसलायस."

"मी कुठं धरलंय? मी तर रडलोसुद्धा नाही."

"तेच म्हणतेय मी. दहा दिवस तू तिच्या पलंगावरची चादर काढू दिली नाहीस कुणाला. जा म्हण तिला."

"काय?"

"जा म्हण. मोकळी कर."

आता आमच्याकडं घरातून निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही. जाणारा 'येतो' म्हणतो, घरातला 'ये जाऊन' म्हणतो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात विजयमाला माहेरी गेली, बाजारात गेली, केतकीकडं पुण्याला गेली, दवाखान्यात अॅडमिट व्हायला गेली. दर वेळी ती दारातनं "येते हं" म्हणाली आणि मी पेपरातनं डोकं वर न काढता "ये" म्हणालो. जा असं कधीच म्हणालो नव्हतो. भांडणात पण नाही.

मी हात जोडले. "विजयमाला," म्हटलं, "बरं, ये जाऊन."

आक्कानं कपाळावर हात मारला. "ये काय म्हणतोस बाबा! मुडद्याला ये म्हणतात होय? जा म्हण!"

भटजी दर्भाची काडी मोडून तिचा कावळा करायला बसले होते. खरा कावळा नाहीच शिवला तर तो पिंडाला लावून विधी उरकतात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "थांबू का थोडं?"

"थांबा," आक्का म्हणाली. "म्हणतोय तो."

ओगलेवाडीची माणसं आवराआवर करून निघाली होती. थोरल्या मुलानं जाताना आमच्याकडं बघून हात जोडले. आता त्याच्या तोंडावर तो तोरा नव्हता. केतकीनं माझा हात सोडला.

एवढी माणसं मागं उभी होती, सकाळपासून उपाशी. त्यांची जेवणं खोळंबली होती. मला वाटलं, म्हणून टाकावं. शब्दच तर आहे. तिला कुठं ऐकू जाणार आहे? आणि गेलं ऐकू, तरी ती एवढ्या लवकर कुठली जायला. एक गोष्ट लवकर केली आहे का तिनं कधी? लग्नात अंतरपाटामागं हार नीट करण्यात मुहूर्त चुकवला होता. ही बाई माझं ऐकून लगेच उठेल, हे शक्यच नव्हतं. काहीतरी खोट काढेल. उन्हाळ्यात बघू म्हणेल.

"जा, माले," मी म्हणालो. "जा आता."

शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नसेल, झाडावरनं कावळा सुटला. सरळ आला. इकडं नाही, तिकडं नाही, थेट पिंडावर बसला आणि चोच भातात खुपसली. त्याच्यामागं दुसरा आला, तिसरा आला. बघता बघता भात दगडावर पसरला.

मागं सगळ्यांनी हात जोडले. जालिंदर ओक्साबोक्शी रडत होता आणि रडता रडता "सुटली गं बया, सुटली" म्हणत होता. भटजींनी दर्भाचा कावळा पाण्यात सोडून दिला. आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बघ," ती म्हणाली. "एवढंच पाहिजे होतं तिला."

मी मान हलवली. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटत होता. दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, आणि तो तिचाच राग होता. एका सीलिंगला जिनं सहा महिने लावले, ती माझ्या एका शब्दावर गेली. मला वाटलं होतं, थोडी तरी थांबेल.